राउटरने फोन कधी लावायचा?

 

आजचा विषय जरा जुना आहे. आयएसडीएन, म्हणजे इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क. तुमच्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांनी परीक्षेत यावर चार मार्कांची टीप लिहिली असेल आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले असाल. माझंही बीटेकला तेच झालं. पुढे नोकरीत एका क्लायंटच्या जुन्या राउटरची कॉन्फिगरेशन फाइल वाचायचं काम आलं, तेव्हा हा विषय नीट समजून घ्यावा लागला. आणि लक्षात आलं की या राउटरला पडलेला प्रश्न आज आपल्या खिशातल्या फोनलाही पडतो.

प्रश्न असा आहे. लाइन उघडली की मीटर सुरू होतो. तर मग ती कधी उघडायची आणि कधी बंद करायची, हे ठरवायचं कुणी?

आधी आयएसडीएन म्हणजे काय ते दोन मिनिटांत बघू. टेलिफोन एक्सचेंज आतून डिजिटल झाली, तरी तुमच्या घरापासून एक्सचेंजपर्यंतची तांब्याची तार अॅनालॉगच राहिली होती. त्यामुळे कॉम्प्युटरचे शून्य-एक आवाजात बदलायला मोडेम लागायचा. तो किर्र-खर्र आवाज आठवतो का? नसेल आठवत तर घरात आई-बाबांना विचारा. आयएसडीएनने तो शेवटचा तुकडाही डिजिटल केला. तार तीच, पण आता तिच्यावरून थेट बिट्स जाणार.

घरगुती किंवा लहान ऑफिसच्या जोडणीला बीआरआय म्हणतात. त्यात तीन वाटा असतात. दोन बी चॅनल, प्रत्येकी ६४ किलोबिट प्रतिसेकंद, आणि एक डी चॅनल, १६ किलोबिटचा. हा ६४ आकडा आला कुठून? टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि दर वेळी ८ बिट्स लिहितात. ८,००० गुणिले ८, झाले ६४,०००. म्हणजे एक बी चॅनल म्हणजे एक फोन कॉल. त्यात आवाज भरा नाहीतर डेटा भरा.

डी चॅनलचं काम निरोप्याचं. कोणता नंबर लावायचा, कोण फोन करतंय, कॉल उचलला की तुटला, हे सगळं त्यावरून जातं. त्यामुळे कॉल चटकन लागतो. मोडेमला अर्धा-पाऊण मिनिट खडखडाट करावा लागायचा, इथे एखाद-दोन सेकंदांत काम होतं. हा वेग लक्षात ठेवा, पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. कॉल इतका पटकन लागत असेल, तर लाइन सतत धरून बसायची गरजच काय? लागेल तेव्हा लावा, झालं की ठेवा. याला म्हणतात डायल-ऑन-डिमांड. फक्त इथे फोन माणूस लावत नाही, राउटर लावतो.

आता राउटर सेट करायला बसू. उदाहरण सिस्कोच्या जुन्या राउटरचं घेतो, कारण एकेकाळी सीसीएनएच्या परीक्षेसाठी हेच पाठ करावं लागायचं.

पहिली गोष्ट म्हणजे जोडणी. एक्सचेंजकडून दोन तारा येतात, त्या एनटी-वन नावाच्या छोट्या डबीत जातात. डबीतून चार तारांची लाइन निघते, ती राउटरमध्ये. युरोपात आणि आपल्याकडे ही डबी टेलिफोन कंपनी बसवायची. अमेरिकेत ती ग्राहकाने घ्यायची असा नियम होता, म्हणून तिकडच्या बऱ्याच राउटरमध्ये ती आतच बसवलेली असायची. सेकंड हँड राउटर घेणाऱ्यांनी हे आधी तपासायचं, कारण बाहेरून पोर्ट सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट, स्विच टाइप. म्हणजे समोरचं एक्सचेंज कोणती बोली बोलतं ते राउटरला सांगायचं. युरोपीय पद्धतीच्या आयएसडीएनसाठी ‘बेसिक नेट-थ्री’. जपानचं वेगळं, अमेरिकेतली आणखी वेगळी. अमेरिकेत त्यावर स्पिड नावाचा नंबरही भरावा लागायचा. स्विच टाइप चुकला तर तार बरोबर, दिवे बरोबर, आणि तरी फोन लागत नाही.

मग तपासायचं कसं? ‘शो आयएसडीएन स्टेटस’ ही कमांड द्यायची. ती तीन थर दाखवते. पहिला थर तारेचा, तो ‘अॅक्टिव्ह’ हवा. दुसरा थर एक्सचेंजशी ओळख झाली की नाही याचा, तिथे ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ असं लांबलचक नाव दिसायला हवं. तिसरा थर कॉलचा. पहिला बरोबर आणि दुसरा अडलेला असेल, तर संशय स्विच टाइपवर. पहिलाच नसेल, तर आधी वायर बघा, कमांडशी झटापट नको. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. काही देशांत कॉल नसताना एक्सचेंज लाइन झोपवून ठेवायचं. तिथे पहिला थर बंद दिसला तरी लाइन बिघडलेली नसते. एक टेस्ट कॉल लावून बघायचा.

तिसरी गोष्ट, फोन कुणाला लावायचा. ‘डायलर मॅप’ नावाची ओळ असते. त्यात लिहायचं की अमुक आयपी पत्त्याकडे जायचं असेल तर अमुक फोन नंबर लावा. तुमच्या फोनमधली काँटॅक्ट लिस्टच ती, नावाच्या जागी आयपी पत्ता इतकंच.

चौथी गोष्ट, ओळख पटवणं. कुणीही उठून तुमच्या हेड ऑफिसच्या राउटरला फोन लावू शकतो ना? म्हणून पीपीपी आणि त्यावर चॅप. चॅपमध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही. समोरचा एक यादृच्छिक आकडा पाठवतो, तुम्ही पासवर्ड आणि तो आकडा मिळून एक गणित करता आणि उत्तर परत पाठवता. समोरचाही तेच गणित करतो, उत्तर जुळलं की आत या. अडचण बहुतेक वेळा नावाची येते. एका राउटरचं होस्टनेम दुसऱ्या राउटरवर युजरनेम म्हणून जसंच्या तसं हवं, पासवर्ड दोन्हीकडे एकच हवा. अक्षर लहान-मोठं झालं तरी दार बंद.

डी चॅनलची इथे अजून एक मदत होते. कॉल उचलायच्या आधीच कॉल करणाऱ्याचा नंबर कळतो. नंबर यादीत नसेल तर राउटर कॉल नाकारतो. उचललाच नाही, म्हणजे समोरच्याला पैसेही पडले नाहीत. यावरच कॉलबॅकची युक्ती आहे. शाखेने हेड ऑफिसला फोन करायचा, हेड ऑफिसने तो तोडून उलट फोन लावायचा, म्हणजे बिल हेड ऑफिसच्या नावावर. आपल्याकडे मिस्ड कॉल देऊन ‘तू लाव रे’ म्हणायची पद्धत होती ना, अगदी तेच.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. राउटर फोन लावतो, समोरचा उचलतो, डेटा जातो. खरी परीक्षा आता सुरू होते.

राउटरला तुम्ही सांगायचं असतं की कोणत्या पॅकेटसाठी फोन लावण्यात अर्थ आहे. सिस्कोच्या भाषेत याला ‘इंटरेस्टिंग ट्रॅफिक’ म्हणतात. मी त्याला कामाचं ट्रॅफिक म्हणतो. ‘डायलर लिस्ट’मध्ये हा नियम लिहायचा आणि ‘डायलर ग्रुप’ या ओळीने तो इंटरफेसला बांधायचा. नियम लिहिला आणि बांधायचं राहिलं, तर राउटर कधीच फोन लावत नाही.

त्याच्या जोडीला असतो आयडल टायमर. कामाचं शेवटचं पॅकेट गेल्यावर किती सेकंद थांबून फोन ठेवायचा ते. सिस्कोमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर १२० सेकंद.

इथे एक बारकावा आहे, जरा नीट ऐका. बिनकामाचं पॅकेट फोन लावू शकत नाही. पण फोन आधीच लागलेला असेल तर ते आरामात त्यावरून जातं. फक्त त्याच्यामुळे टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. म्हणजे ‘कामाचं नाही’ याचा अर्थ ‘बंदी’ असा नाही. रिक्षा दुसऱ्याने केलीय, तुम्ही वाटेत बसलात, चालेल. पण तुमच्यासाठी रिक्षा थांबणार नाही. फायरवॉलची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता समजा कुणी कंटाळून लिहिलं की सगळं आयपी ट्रॅफिक कामाचं. एका ओळीचं काम, लगेच चालतंय, सगळे खूश. मग काय होतं? नेटवर्कवर माणूस नसतानाही गडबड चालू असते. रिप नावाचा राउटिंग प्रोटोकॉल दर ३० सेकंदांनी रस्त्यांची यादी पाठवतो. ओएसपीएफ साधारण दर १० सेकंदांनी ‘मी आहे हं’ म्हणतो. विंडोज कॉम्प्युटर एकमेकांची नावं शोधत असतात. घड्याळ जुळवणारी पॅकेट जात असतात. आणि टायमर आहे १२० सेकंदांचा. दर ३० सेकंदांनी कुणीतरी दार वाजवत असेल तर १२० सेकंदांची शांतता येणार कधी? फोन एकदा लागला की सुटतच नाही. ऑफिसला कुलूप, दिवे बंद, आणि राउटर रात्रभर फोनवर.

याचे पैसे किती होतात त्याचा हिशेब करू. त्यासाठी जपानला जाऊ, कारण तिथे आयएसडीएन घराघरांत पोहोचलं होतं. एनटीटी कंपनीने आयएनएस नेट ६४ ही सेवा एप्रिल १९८८ मध्ये सुरू केली. नव्वदच्या दशकात इंटरनेट आलं तेव्हा बऱ्याच लोकांनी तीच लाइन वापरली. स्थानिक कॉलचा दर होता दिवसा ३ मिनिटांना १० येन. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सकाळी ८ ते रात्री ११ लाइन चालू राहिली तर १५ तास, म्हणजे ९०० मिनिटं, म्हणजे ३०० वेळा १० येन. दिवसाला ३,००० येन. महिन्याला ९०,०००. यात रात्रीचे तास आणि इंटरनेट कंपनीचे पैसे धरलेलेच नाहीत. आणि हे सगळं कुणी काहीही ब्राउझ न करता.

म्हणून तिथल्या राउटरमध्ये पैशाची समज घालावी लागली. १९९५ मध्ये यामाहाने आरटी-१००आय नावाचा आयएसडीएन राउटर आणला. हो, तीच यामाहा, पियानो आणि की-बोर्डवाली. त्यांच्या राउटरमध्ये एक सोय होती. बिलाची मर्यादा येनमध्ये लिहायची, ती गाठली की राउटर स्वतःहून फोन लावणं थांबवणार. दुसरी सोय आणखी हुशार होती, शुल्काच्या मापावर कॉल तोडण्याची. विचार करा, ३ मिनिटांचे पैसे पहिल्या सेकंदालाच लागलेत. मग एका मिनिटाने फोन ठेवून दुसऱ्या मिनिटाला पुन्हा लावला तर दोनदा १० येन गेले. त्यापेक्षा तीन मिनिटं संपत आली की मगच ठेवावा. म्हणजे लवकर फोन ठेवणं नेहमी स्वस्त पडतं असं नाही. टायमर किती सेकंदांचा ठेवायचा याचं उत्तर राउटरच्या मॅन्युअलमध्ये नसून टेलिफोन कंपनीच्या दरपत्रकात होतं.

त्याच १९९५ मध्ये एनटीटीने टेलिहोदाई नावाची योजना काढली. रात्री ११ ते सकाळी ८, ठरवून दिलेल्या नंबरांना ठराविक मासिक रकमेत हवं तितकं बोला. मग काय, रात्री ११ वाजले की सगळा देश एकदम ऑनलाइन, आणि नेट हळू. आपल्याकडे रात्री १२ नंतरच्या फ्री डेटावर जागलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

दुसरा बी चॅनल कधी उघडायचा, हाही पैशाचाच प्रश्न. दोन्ही एकत्र केले तर १२८ किलोबिट, पण दोन कॉल म्हणजे दोन बिलं. सिस्कोमध्ये भाराची पातळी १ ते २५५ मध्ये सांगतात. १२८ म्हणजे साधारण निम्मा भार झाला की दुसरी लाइन उघड. १ लिहिलंत तर पहिल्या चॅनलला घाम फुटायच्या आधीच दुसरा धावत येणार.

मग बिल वाढलं तर चोर पकडायचा कसा? इथे ‘शो डायलर’ ही कमांड मला फार आवडते. त्यात ‘डायल रीझन’ म्हणून एक ओळ येते. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे जाणाऱ्या पॅकेटसाठी फोन लावला, ते राउटर स्वतः सांगतो. त्यावरून कॉम्प्युटर सापडतो, कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम सापडतो. मग तो प्रोग्रॅम बिनकामाच्या यादीत टाकायचा. राउटिंग प्रोटोकॉलऐवजी रस्ता हाताने लिहून ठेवायचा, म्हणजे स्टॅटिक रूट. मी वाचलेल्या त्या जुन्या फाइलमध्ये अशा नकारांची एक लांब यादी होती. आधी वाटलं, काय हा पसारा. मग कळलं की त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कधीतरी आलेलं एखादं बिल असणार.

भारतात आयएसडीएन घरात फारसं शिरलं नाही. पण बँकांच्या शाखांत ते वर्षानुवर्षं होतं, बॅकअप म्हणून. मुख्य काम लीज्ड लाइनवर. ती पडली की राउटरने आयएसडीएनवरून फोन लावायचा. कोअर बँकिंग आल्यावर खात्याची माहिती शाखेत राहिली नाही, ती दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेली. म्हणजे लाइन गेली की काउंटर ठप्प. पेन्शनच्या दिवशी शाखेबाहेर सकाळी ९ पासून आजी-आजोबा रांगेत बसलेत आणि आत ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. ती पाटी लागू नये म्हणून ही १२८ किलोबिटची लाइन कोपऱ्यात गप्प बसलेली असायची.

तिच्या सेटिंगमध्येही थांबायचं किती हाच प्रश्न. मुख्य लाइन गेल्यावर, समजा, १० सेकंद थांब आणि मग फोन लाव. मुख्य लाइन परत आल्यावर ६० सेकंद थांब आणि मगच फोन ठेव. का थांबायचं? कारण पावसाळ्यात लाइन येते-जाते, येते-जाते. दर वेळी फोन लावून ठेवत बसलो तर खर्चही होतो आणि सगळ्यांचं काम तुटत राहतं.

यात दोन सापळे आहेत. पहिला असा की समोर पलीकडे कुठेतरी बिघाड असतो, पण आपल्या बाजूची तार जिवंत दिसते. राउटरला वाटतं सगळं ठीक, आणि तो फोन लावतच नाही. म्हणून तार बघून भागत नाही, पलीकडचा रस्ता शाबूत आहे का ते बघणारी सेटिंग लागते. दुसरा सापळा जास्त गमतीशीर. बॅकअप इतका छान चालतो की मुख्य लाइन मेलीय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. शाखेत काम थोडं हळू चाललंय, कुणी तक्रार करत नाही. महिनाअखेरीस टेलिफोनचं बिल आल्यावर समजतं. म्हणून बॅकअप सुरू झाला की त्याच क्षणी कुणाला तरी निरोप गेला पाहिजे.

आयएसडीएन आता निघालंय. जपानमध्ये त्याची डिजिटल डेटा सेवा जानेवारी २०२४ पासून बंद करायला घेतली. ब्रिटनमध्ये नव्या जोडण्या देणं सप्टेंबर २०२३ मध्ये थांबलं आणि जुन्या लाइन बंद करायची मुदत जानेवारी २०२७ आहे. आपल्याकडे बॅकअपची जागा बऱ्याच ठिकाणी फोर-जी सिमने घेतली.

पण प्रश्न मात्र राहिला. तुमच्या फोनमधला रेडिओ शेवटचं पॅकेट गेल्यावर लगेच झोपत नाही, काही सेकंद जागा राहतो, अजून काही येतंय का बघत. तोच आयडल टायमर. दहा अॅप दर मिनिटाला आळीपाळीने सर्व्हरला ‘काही नवीन?’ विचारत राहिली, तर रेडिओला झोप लागत नाही. फरक इतकाच की बिल येनमध्ये येत नाही, बॅटरीत येतं. अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, डोझ नावाची सोय आली. फोन टेबलावर पडून असला की अॅपना म्हणायचं, थांबा, सगळ्यांनी एकदमच जायचं. कामाचं कोण आणि बिनकामाचं कोण, पुन्हा तीच यादी.

तेव्हा तुमच्या ऑफिसात, दुकानात किंवा गावाकडच्या घरी फोर-जी बॅकअपवाला राउटर बसवणार असाल, तर तीन गोष्टी आधी ठरवा. सिमवर कोणतं ट्रॅफिक जाऊ द्यायचं? पेमेंट मशीन हो, विंडोजचे अपडेट नको. मुख्य लाइन आल्यावर परत कधी फिरायचं? आणि बॅकअप सुरू झाला हे कुणाला कळणार? आणि महिन्यातून एकदा मुख्य केबल मुद्दाम काढून बघा. कधीच न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नका.

आणि आजच्या भागाचा गृहपाठ. फोनच्या सेटिंगमध्ये जा, डेटा वापर उघडा, प्रत्येक अॅपने मागच्या बाजूने, म्हणजे बॅकग्राउंडला किती डेटा खाल्लाय ते बघा. सगळ्यात वरचं नाव बघून दचकलात तर आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत बॅटरी सांभाळा!